करंटचाचांचा डबा

उन्हाकडे पाठ करून चालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सातपुड्याच्या पायवाटांवर आम्ही सगळे सावली शोधत चालायचो आणि करंटचाचा सावली चुकवत. पाठीवर सुतळीनं बांधलेली सोलरची प्लेट, काखेत पंच्यात गुंडाळलेला स्टीलचा डबा, डोक्यावर जाळीची टोपी. वाट वळली आणि सूर्य समोर आला की हे सरळ उलटे फिरायचे आणि पाठमोरे चढायला लागायचे. एकदा असेच एका बैलाला जाऊन टेकले आणि "माफ कर भाऊ" म्हणून त्यालाच वाट देऊन बाजूला झाले. मी झाडाखाली टेकले की खालून ओरडा यायचा, "फुकटनं ऊन शे ताई, सावलीमा कसाले बठनी?"

त्यांचं खरं नाव आमच्यापैकी निम्म्यांना ठाऊक नव्हतं. तळोद्याच्या बाजारात त्यांचं रेडिओ आणि टॉर्च दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ गेले, दुकानात माश्या उरल्या आणि चाचा आमच्या संस्थेबरोबर रोजावर डोंगरात यायला लागले. आम्ही वनहक्काच्या दाव्यांसाठी अक्राणीकडच्या पाड्यांवर शेतं मोजायचो. काम साधं: जीपीएसचं यंत्र हातात धरून शेताच्या कडेनं पुरी फेरी मारायची. फेरी जिथं सुरू केली तिथंच येऊन मिळाली पाहिजे. मध्येच यंत्राची बॅटरी गेली की झालं, मुसळ केरात. पुन्हा पहिल्या बांधापासून चाला. पाड्यांवर विजेचे खांब होते, पण त्यांचा उपयोग बकऱ्या बांधायला. म्हणून करंट लागला की चाचा.

त्यांच्या डब्यात भाकरी नसायची. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून त्यातले सेल त्यांनी त्या डब्यात ओळीनं बसवले होते आणि झाकणातून वायरी बाहेर काढल्या होत्या. दिवसभर प्लेटमधून येणारा करंट त्या डब्यात साठायचा. कोणाच्या घरी जेवायला बसलं की यजमानीण म्हणायची, पाहुण्यानं डबा आणलाय, मग त्याला कशाला वाढायचं? चाचा डबा मांडीवर घेऊन गंभीर चेहऱ्यानं बसून राहायचे आणि मला हसू आवरायचं नाही. शेवटी बिचाऱ्यांना झाकण उघडून दाखवावं लागायचं.

पण करंटच्या बाबतीत माणूस महाकंजूष! सकाळी निघताना ते आमचे सगळ्यांचे मोबाइल गोळा करायचे, बंद करायचे आणि पिशवीला गाठ मारायचे. "त्याना रोजा शे आज." गाण्यासाठी नाही, फोटोसाठी नाही, वेळ बघायलाही नाही. सूर्य बुडाला की रोजा सुटायचा, ज्याचा त्याला मोबाइल मिळायचा, तोही दोन फोन होतील एवढ्यापुरता. मी खाली सपाटीवरच्या ब्राह्मणपुरी गावची, आमच्याकडे गव्हाला पाणी भरतानाही माणूस फोनवर बोलतो. मला तो जाच वाटायचा. मी चिडून म्हणायचे, चाचा, तुम्ही मागच्या जन्मी जेलर होतात. ते गाठ आणखी आवळायचे.

त्यांचा स्वतःचा मोबाइल मात्र ते दिवसातून चार वेळा चोरून उघडायचे. मी पकडलं की लाजायचे. कारण शबाना. त्यांची एकुलती एक आंडेर, म्हणजे लेक. नवापूरकडे दिलेली, जावई सुरतेला कामाला. पहिलं बाळ पोटातच गेलं होतं, तेव्हापासून ती कोणाशीच धड बोलायची नाही, चाचांशीसुद्धा नुसती हो-नाही करायची. आता पुन्हा दिवस गेले होते. दिवाळीनंतरची तारीख होती, म्हणून चाचा आमच्याबरोबर यायला तयार झाले. नाहीतर आले नसते.

त्या फेरीला आम्ही दोघंच होतो आणि ती परतीच्या पावसात सापडली. शेवटचा पाडा दोन नाल्यांच्या बेचक्यात होता. चढताना खिंडीत जरा रेंज आली आणि चाचांना घरून फोन आला: शबानाच्या पोटात कळा येताहेत, चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेतोय. चाचा तिथूनच मागे फिरले. मीही त्यांच्याबरोबर निघाले. खाली येतो तर ज्या नाल्यातून सकाळी घोटाभर पाण्यातून आलो होतो, त्यात झाडं वाहत होती. पलीकडच्या नाल्याचीही तीच गत. वर डोंगर, खाली पाणी आणि मध्ये आम्ही.

ते दिवस मला आजही नकोसे वाटतात. ठुमलीबाई नावाच्या एका म्हाताऱ्या पावरा आदिवासी बाईच्या घरात आम्ही राहिलो. तिचंच शेत तेवढं मोजायचं राहिलं होतं. चुलीचा धूर, ओले कपडे, बकऱ्या, भाकरी आणि उडदाची डाळ. आभाळ इतकं खाली उतरलेलं की दुपारी दिवा लावावासा वाटे. चाचा प्लेट घेऊन अंगणात जायचे, ढगाकडे धरून उभे राहायचे आणि तशीच घेऊन आत यायचे. नाल्यावर जायचे, पाणी बघायचे, परत यायचे. मी म्हटलं, चाचा, बसा जरा. ते बसले आणि लगेच उठले. भिंतीला डोकं आपटावं असं मला वाटायला लागलं होतं, त्यांना काय वाटत असेल?

आणि त्यातच डबा रिकामा झाला. तोही चाचांच्याच हातून. पहिल्या संध्याकाळी फोन चार्ज करायला त्यांनी सगळ्यांसमोर डबा उघडला. आता त्या पाड्यावरची रीत अशी की चारचौघांत डबा उघडला तर एकट्यानं खायचं नाही. त्यात काय आहे हा प्रश्नच नाही. बायका आपापले मोबाइल घेऊन आल्या. कोणाचा नवरा गुजरातेत शेतमजुरीला, कोणाचा मुलगा सुरतेला इमारतीवर. पावसात तिकडे सगळे ठीक आहेत ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मला डोळे वटारणाऱ्या ह्या माणसाला त्यांच्यापुढे नाही म्हणता येईना. एकेकीचा फोन डब्याला जोडत गेले. "त्या बी वाट देखी ऱ्हायन्यात," एवढंच मला म्हणाले. ऊन उद्या येईल असा त्यांचा हिशोब होता. ऊन आलंच नाही.

शेवटी डब्यात एकाच कशाला तरी पुरेल एवढा करंट उरला. पावसात रेंज शोधता शोधता चाचांचाच काय, पाड्यातला प्रत्येक फोन विझलेला, माझा कधीच मेलेला आणि यंत्राचीही धुगधुगी गेलेली. मी काही बोलायच्या आतच चाचांनी वायर यंत्राला जोडली. आम्ही ज्या कामाला आलो ते काम आधी, असं त्यांचं म्हणणं. मला राग आला आणि रडूही आलं. ठुमलीबाई चुलीपाशी बसून बघत होती. तिनं कोणाची लेक, कुठल्या दवाखान्यात, सगळं माझ्याकडून नीट समजून घेतलं. मग उठली, यंत्राची वायर काढली आणि चाचांच्या फोनचं भोक शोधायला लागली. ते सापडेना, तेव्हा वायर चाचांच्या हातात देऊन आपल्या भाषेत म्हणाली, की माझं शेत सासूच्या सासऱ्यापासून इथंच आहे, ते उद्याही इथंच असेल. चाचांनी मान खाली घालून वायर आपल्या फोनला जोडली. तिचं शेत आम्ही पुढं थंडीत येऊन मोजलं.

पाऊस थोडा उघडला तसे आम्ही पाड्यामागच्या टेकडीवर चढलो. पाड्यातली निम्मी माणसं मागून आली. रेंज एका खडकावर यायची, बाजूला पाऊल टाकलं की जायची. चाचा त्या खडकावर उभे राहिले. फोन लागला. पलीकडून चाची रडत होत्या की हसत होत्या ते आधी कळेचना. मग कळलं: सकाळी मुलगी झालीय, रडतेय चांगली, शबाना अशक्त आहे पण बरी आहे. मी तिथंच चिखलात बसले.

चाचा फोन बंद करणार, तेवढ्यात शबानानं तो आईच्या हातून घेतला. इतक्या दिवसांनी ती आपणहून बोलली. "अब्बा, इसके कान में अजान किसीने नहीं दी. मैंने किसीको देने नहीं दी. तुम दो."

जन्मलेल्या बाळाच्या कानात आधी अजान पडावी, अशी त्यांच्याकडची रीत. चाचांनी फोनकडे पाहिलं. बॅटरीचं चिन्ह लाल झालं होतं. त्यांनी खडकावरच चपला काढल्या, पावसाच्या पाण्यानं तोंड ओलं केलं, मावळतीकडे वळले आणि फोन तोंडाशी धरला. "लगा कान को, बेटी." मग हळू आवाजात, तान्ह्या कानाला सोसेल एवढ्याच, अजान सुरू केली. मला त्यातलं काही कळत नाही. अजून ती संपली नव्हती, तोच फोन विझला.

चाचा तो कानाला लावून उभेच होते.

"पोचनी व्हई का ताई?" त्यांनी विचारलं. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही खाली आलो. पाणी ओसरेपर्यंत पुन्हा त्याच घरात, त्याच धुरात. ह्या वेळी चाचा नाल्यावर गेले नाहीत. कोपऱ्यात बसून ओठ हलवत होते, जणू कुठं तुटली ते आठवून बघत होते.

चाचा आता नाहीत. तळोद्याला गेले की मी चाचींना भेटून येते. पण चाचा म्हटलं की मला दिसतात ते चिंचपाड्याच्या दवाखान्यात शिरणारे, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, मागे मी. तोवर सुरतेहून जावई येऊन पोचला होता. त्यानं अजान पुरी करतो म्हटलं, तर शबानानं त्यालाही थांबवलं होतं. चाचांनी हातपाय धुतले, नात हातात घेतली. चाची म्हणाल्या, पहिल्यापासून द्या. चाचांनी लेकीकडे बघितलं.

"कहाँ तक आई थी?"

शबानानं सांगितलं.

"जो पोच गई वो पोच गई," ते म्हणाले. बाळाच्या कानाशी वाकले आणि तिथून पुढची दिली.