मुद्दाम लंगडले

तळेगावचे पाहुणे मला पाहायला येणार, हे आईनं सांगितलं ते सकाळी मी दात घासत असताना. तोंडात फेस, भांडायची सोय नाही. बरोबर वेळ साधते ही बाई.

मी फुटबॉल खेळते. पगार घेऊन खेळते, दूरच्या राज्यातल्या एका क्लबकडून, डावीकडचा बचाव सांभाळणारी लेफ्ट बॅक म्हणून. पण आमच्या बोरगाव मेघेच्या गल्लीत हे कुणाला धड सांगायची चोरी. आई स्वतः शाळेत शिकवते, तरी माझा विषय निघाला की ‘पोरगी बाहेर जॉबवर आहे’ एवढ्यावर आटपते. पाहुण्यांनाही तेच सांगितलं होतं.

"लंगडतच येईन मंग मी त्यांच्यासमोर," चूळ भरून मी म्हटलं.

"लंगडून तं दाखव, तंगडंच तोडीन तुहं!"

बाबा पेपरामागे हसले. मीही हसले. पण माझा गुडघा खरंच गेला होता आणि घरात कुणाला ते ठाऊक नव्हतं.

हंगामातल्या शेवटच्या सामन्यात, कुणाचा धक्का नाही की काही नाही, नुसती वळले आणि आत ‘कट’ वाजलं. कोचला म्हटलं, जरा लचकलंय. करार एकेका हंगामाचा. नव्या करारासाठी आठ दिवसांनी क्लबच्या डॉक्टरांपुढे उभं राहायचं होतं, नापास झाले की कायमची घरी. आईला ती तारीख माहीत होती, म्हणून तर पाहुण्यांची एवढी घाई. मी रोज सकाळी मैदानावर जाऊन बघायचे. सरळ धावलं की गुडघा गुणी पोरासारखा वागायचा, वळलं की सटकायचा. नुसती सरळ धावणारी लेफ्ट बॅक कुणाला हवीय? राग असा यायचा की गोलपोस्टला लाथ घालावी, आणि तीही धड घालता यायची नाही. खेळ गेला तर मी कोण, या विचारानं जेवण जात नव्हतं.

पाहुणे आले. पोहे झाले. मुलगा मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याची आत्या मात्र माझे पाय न्याहाळत होती.

"पाणी आण बरं बाई," ती म्हणाली.

समोर भरलेला तांब्या होता! बाईसाहेबांना माझी चाल बघायची होती. माझं डोकंच सणकलं. सकाळची लंगडायची धमकी-बिमकी सगळी विसरले. म्हटलं, बघ नीट, याच पायांवर मी पगार कमावलाय. ताठ चालत आत गेले, पाणी आणलं, तिच्या हातात ग्लास दिला आणि वळले.

तिथंच गुडघा सटकला. दाराची चौकट हाताला लागली म्हणून पडले नाही.

"पायात काही हाय का वो पोरीच्या?" आत्यानं विचारलं.

"नाई वो! नवी चप्पल चावली तिले," आई चटकन म्हणाली.

‘कळवतो’ म्हणून पाहुणे गेले. दार लावून आई माझ्यावर धावूनच आली.

"लाज नाई वाटत? मुद्दाम लंगडली ना तू?"

मी भिंतीचा आधार घेतला.

"सांग ना वो. मुद्दामच ना?"

या वेळी तिचा आवाज पार उतरला होता. मी हो म्हणावं म्हणूनच ती विचारत होती.

"हो," मी म्हटलं. "मुद्दामच. सकाळीच तं सांगतलं होतं तुले."

ती खाली बसली. माझी सलवार गुडघ्याच्या वर सारली. पालथी वाटी ठेवावी एवढी सूज होती. तिनं त्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मला रडू फुटलं.

"आठ दिवसांनी त्या डॉक्टरले काय सांगशील?" ती म्हणाली. "तिथंही मुद्दामच म्हणशील का वो?"