पाहुणीशी कुणी भांडत नाही

माझ्या सुनेला मराठी येतं. हे वाक्य मी दोन वर्षांत इतक्या वेळा म्हटलं की एका पाटीवर रंगवून घ्यावं आणि बाहेर पडताना गळ्यात अडकवावं, असं वाटायला लागलं होतं. सून हंगेरीची. मुलगा नोकरीसाठी हॉलंडला होता, तिथे दोघांची गाठ पडली, लग्न झालं. पुढे दोघांचीही कामं घरून करता येण्यासारखी झाली आणि ती दोघं नाशिकला माझ्याकडे राहायला आली. हा हट्ट तिचा. मुलगा आढेवेढे घेत होता, तिनं त्याला ओढून आणलं.

मुलगा सात वर्षं हॉलंडात राहिला. डच भाषा किती शिकला म्हणाल, तर शून्य. दुकानात, बसमध्ये, शेजाऱ्यापाजाऱ्यांत सगळीकडे इंग्रजी. दर रविवारी फोनवर मी त्याला झापायची, "अरे, त्यांच्यात राहतोस, त्यांचं खातोस-पितोस, मग त्यांचं बोलायला काय होतं?" त्याचं ठरलेलं उत्तर, "आई, गरजच पडत नाही गं." मी पोस्टात नोकरी केली. काउंटरवर सुरगाण्याकडचे लोक येत, मालेगावकडचे येत, देवळाली कॅम्पला बदली झाली तेव्हा जवानांच्या बायका येत. प्रत्येकाचं बोलणं वेगळं. ज्याला जसं येईल तसं त्यानं बोलावं आणि मी ते समजून घ्यावं, यात मला कधी कमीपणा वाटला नाही. म्हणून गरज पडत नाही हे उत्तर ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

आणि ही मुलगी! येण्याआधी वर्षभर तिनं पहिली-दुसरीची पुस्तकं मागवून घेतली, बाराखडी गिरवली, मराठी बातम्या ऐकल्या. मुलाला काही विचारलं तर तो "जाऊ दे ना" म्हणायचा, म्हणून मला फोन करायची. 'चिडणं' आणि 'रुसणं' यात फरक काय, हे तिनं मला विचारलं तेव्हा मला अर्धा तास लागला सांगायला. ती म्हणायची, "आई, आमची भाषा जगात कुणालाच येत नाही. आमच्याकडे येऊन कुणी दोन वाक्यं बोललं तर आम्ही त्याला घरी जेवायला नेतो." नाशिकला आल्यावर आपल्यालाही कुणीतरी असं घरी नेईल, असं तिला वाटत असणार.

पहिल्याच आठवड्यात मी तिला भाजीबाजारात नेलं. गंगापूर रोडला संध्याकाळी बायका पाट्या घेऊन बसतात, त्यातल्या एकीसमोर ती उकिडवी बसली आणि स्वच्छ म्हणाली, "मावशी, मेथी कशी दिली?"

मावशी माझ्याकडे बघून हसल्या आणि तिला म्हणाल्या, "ट्वेंटी रुपीज मॅडम. फ्रेश हाय, फ्रेश!"

मी म्हटलं, "अहो, तिनं मराठीत विचारलं ना तुम्हाला?"

"आयकलं ना मी. लय ग्वाड बोलत्यात." मग शेजारणीला हाक, "ए, इकडं ये गं, ह्या मॅडम बघ मराठी बोलत्यात! मॅडम, परत बोला ना." तिसऱ्या एकीनं फोन काढून व्हिडिओ घेतला. सून परत बोलली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाव मात्र एकीनंही मराठीत सांगितला नाही.

पहिल्यांदा गंमत वाटली. दहाव्यांदा वैताग आला. पुढेपुढे मी लोकांवर खेकसायलाच लागले. रिक्षावाल्याला ती म्हणायची, "कॉलेज रोडला जायचंय, सिग्नलच्या अलीकडे थांबा." तो आरशात तिच्याकडे बघून म्हणायचा, "यस मॅडम, व्हेअर गो?" दुकानदार हिंदीवर यायचे, जसं काही हंगेरीत हिंदी चालतं. बँकेत तिनं मराठीत अर्ज लिहून नेला, तर साहेबांनी तो वाचून वाहवा केली, चौघांना दाखवला आणि तिच्यापुढे इंग्रजी फॉर्म सरकवला. बरं, इंग्रजी ना तिची, ना समोरच्याची. दोघंही आपापल्या जागी ठेचकाळत असतात आणि मधे तिचं चांगलं मराठी नुसतं पडून असतं. आपण माणसाला पाट देतो, ताट देतो, आग्रह करून चौथी पोळी वाढतो, पण भाषा द्यायची वेळ आली की हात आखडता. वर याला आपण आदर म्हणतो!

आमच्या सोसायटीच्या सभेनं तर कहर केला. गच्चीतल्या पाण्याच्या टाकीची गळती हा विषय गेली तीन वर्षं चालू होता. दर सभेत त्यावर कडाक्याचं भांडण व्हायचं आणि भांडणातून थोडंफार काही ठरायचं. त्या दिवशी मी सुनेला सोबत नेलं. ती नीट ऐकायला म्हणून वही घेऊन बसली, तर सेक्रेटरी उठून म्हणाले, "आज आपल्यात फॉरेनच्या मेंबर आहेत, सो लेट अस स्पीक इन इंग्लिश." ती म्हणाली, "मला मराठी कळतं, काका." काका म्हणाले, "व्हेरी गुड, व्हेरी गुड," आणि पुढे इंग्रजीच. आता इंग्रजीत भांडायचं कसं, हे कुणाला येईना. दर वेळी तावातावानं उठणारे पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ दोनदा उठले, "आय अॅम सेइंग" एवढं म्हणाले आणि बसले. वीस मिनिटांत चहा-बिस्किटं होऊन सभा संपली. मग सगळे खाली पार्किंगमध्ये जमले आणि तिथे मराठीत खरी सभा झाली, आरडाओरडा झाला, टाकीचं ठरलंसुद्धा. आम्ही दोघी वर खिडकीतून ऐकत होतो. ती म्हणाली, "आई, खाली सगळे किती छान भांडत आहेत."

मला तेव्हा हसू आलं. तिच्या आवाजात हसू नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

यंदा एप्रिलमध्ये मी कुरडयांचा घाट घातला. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, चौथ्या दिवशी वाटून गाळून त्याचा चीक काढला आणि मोठ्या पातेल्यात रात्रभर ठेवला. सकाळी वर आलेलं पाणी ओतून टाकायचं असतं आणि तळाशी बसलेला घट्ट चीक शिजवून कुरडया घालायच्या असतात. मी देवळातून येईपर्यंत सुनेनं मदत म्हणून पाणी ओतलं, तळाचं पांढरंही खरवडून काढलं, सिंकमध्ये सोडून दिलं आणि पातेलं लख्ख घासून पालथं घातलं. तिला वाटलं, ते भांड्याला चिकटून राहिलेलं आहे. चार दिवसांची मेहनत, पाच किलो गहू, सगळं गटारात. मी ते पालथं पातेलं उचलून आत बघितलं. तिच्या लक्षात आलं, तिचा चेहरा पडला, "माझी चूक झाली, आई," असं ती दोनदा म्हणाली.

मी तिच्याकडे बघून हसले. "नो प्रॉब्लेम, बेटा. इट्स ओके. डोन्ट वरी." तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग आतल्या खोलीत जाऊन मुलाची खरडपट्टी काढली, "घरात होतास ना तू? डोळे फुटले होते का? तिला सांगायला तोंड नव्हतं?" तो बिचारा ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता.

मे महिन्यात बुडापेस्टहून तिला पत्र आलं. तिच्या जुन्या कंपनीनं मोठ्या पदावर बोलावलं होतं, पण तिथे जाऊन राहायचं होतं. महिनाअखेर काय ते कळवायचं. हे मला मुलानं सांगितलं, तेही नजर चुकवत. ती गेली तर तोही जाणार, हे उघडच होतं. मी आठ दिवस आतल्या आत जळत राहिले. तिला काही बोलले नाही. तिचा निर्णय तिनं मोकळेपणानं घ्यावा, आपण मधे पडू नये, असा शहाणपणा करत बसले.

शेवटी एका दुपारी तीच माझ्या समोर येऊन बसली. म्हणाली, "आई, मला इथे राहायचं होतं. पण दोन वर्षं झाली, मी अजून पाहुणीच आहे. पाहुणे शेवटी घरी जातात."

मी लगेच सुटलेच. भाजीवालीपासून बँकेपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. आपल्या लोकांना अक्कल नाही, समोरचा माणूस एवढी भाषा शिकून येतो आणि हे त्याला इंग्रजी पाजतात, सेक्रेटरीला तर मी उद्याच धरते. ती शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "आणि तुम्ही?"

"मी? मी तुझ्याशी मराठीतच बोलते की!"

"रोजचं बोलता. पण राग आला की इंग्रजी. ह्याला मराठीत ओरडता, भांडीवाल्या मावशींना मराठीत ओरडता, पोस्टातल्या मैत्रिणीशी फोनवर भांडता. मी कुरडया टाकून दिल्या, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. आत जाऊन ह्याला ओरडलात. मी दाराबाहेर होते. मला सगळं कळलं, आई. मला वाटलं, मला का नाही ओरडत?"

तिचं खरं होतं. तिला लागू नये म्हणून मी इंग्रजीचा आधार घेत होते, कारण त्या भाषेत मला धड रागावताच येत नाही. सगळ्या नाशिकला नावं ठेवत मी तेच करत होते, आणि माझ्याच घरात. मला स्वतःची भयंकर चीड आली. आणि का कोण जाणे, ती चीड वळली तिच्याकडेच.

"मग हे आत्ता सांगतेस?" मी ओरडले. "दोन वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस? पत्र आलं तरी मला सांगितलं नाहीस, नवऱ्याकडून निरोप पाठवलास! मी कोण लागते तुझी, शेजारीण? आणि तो चीक! अगं, तळाला चार बोटं पांढरंशुभ्र दिसत होतं, ते टाकायच्या आधी विचारता येत नाही? चार दिवस माझे हात मोडले त्यात!"

ती उठून उभी राहिली. लाल झाली होती. "विचारते तेव्हा तुम्ही म्हणता, तू बस, तू राहू दे! दोन वर्षं तू बस, तू राहू दे! मला एक काम नीट शिकवलं नाही तुम्ही! आणि मी पत्राचं सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? कॉंग्रॅच्युलेशन्स म्हणाला असता!"

"म्हटलं असतं!"

"तेच तर!"

तासभर आम्ही भांडलो. तिची वाक्यं घाईत वाकडीतिकडी होत होती, मी एकही दुरुस्त केलं नाही. मधेच मुलगा कानाचे हेडफोन गळ्यात टाकून बाहेर आला आणि "गाईज, प्लीज, काम डाउन," असं म्हणाला. आम्ही दोघींनी त्याला एकदमच आत हाकललं. दोन वर्षांत एवढं मोकळं मला तिच्यासमोर कधी वाटलं नव्हतं. घसा बसला, डोळ्यांतून पाणी आलं, मग मी तिला ओढून शेजारी बसवलं आणि म्हटलं, "झालं ना आता? कळव त्यांना, नाही जमत म्हणून."

तिनं माझा हात धरला. "आई, मी सकाळीच हो कळवलं."

जूनमध्ये ती दोघं गेली. दोन वर्षं मी तिच्याशी चांगलं वागले, आणि त्या चांगुलपणानंच तिला घालवलं. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. ती तिच्या गावी सुखात आहे. मुलाला विचारलं, हंगेरियन शिकतोयस का, तर म्हणतो, "आई, ऑफिसात इंग्रजी चालतं गं." त्याला काय बोलायचं!

परवा दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन समोर उभा करून भाजी निवडत होते. रक्तदाबाची गोळी घेतली का, असं तिनं विचारलं. मी घेतली म्हटलं. तिनं गोळ्यांची पट्टी कॅमेऱ्यासमोर धरायला लावली, माझी लबाडी उघडी पडली, आणि मग तिनं मला असं काही फैलावर घेतलं की विचारू नका. "लहान आहात का तुम्ही? तिकडे चक्कर येऊन पडलात तर मी इथून काय करू?" मीही गप्प बसले नाही. आमचा आवाज बाहेर गेला असणार, कारण समोरच्या दारातल्या वहिनी डोकावल्या.

"कोण हो एवढं रागावतंय तुमच्यावर?"

"माझी सून."

"ती?" वहिनींचे डोळे मोठे झाले. "अगंबाई! तिला मराठी येतं?"