शालनचं दुखणं आणि माझा तोरा

‘या मुलीच्या अंगाला ऊन कधी लागतं का?’ सांगलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं. त्यांच्या हातात एक्स-रेचा फोटो होता. मी मान ताठ ठेवून म्हणाले, ‘आमच्यात सुना उन्हात जात न्हाईत.’

बाईंनी तो फोटो माझ्यासमोर धरला. मग म्हणाल्या, ‘म्हणूनच हे झालंय.’

आजाराचं नाव त्यांनी ऑस्टिओमलेशिया सांगितलं. म्हणजे मोठ्या माणसाची हाडं मऊ पडणं. अंगावर ऊन पडलं की कातडीत व्हिटॅमिन डी, म्हणजे ड जीवनसत्त्व, तयार होतं. ते नसलं तर खाल्लेल्या अन्नातलं कॅल्शियम हाडांना लागत नाही. त्यात पोटातलं मूल आईच्या हाडांतूनच आपला वाटा घेतं. शालनचं पेल्व्हिस, म्हणजे कमरेचं हाडांचं कडं, दबून अरुंद झालं होतं. ‘बाळाला बाहेर यायला वाट उरलेली नाही. ऑपरेशनच करावं लागेल. बाळाचं काय होईल ते आज सांगता येत नाही,’ बाई म्हणाल्या. शालनला आठवा महिना सरत आला होता.

शालन माझी थोरली सून. माहेर तासगावचं, वडलांची द्राक्षबाग. लग्नाआधी दिवसभर बागेत राबलेली पोर. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, घरचा ऊस, मुलगा फौजेत. सुना उंबऱ्याबाहेर दिसायच्या नाहीत, हा घराचा रिवाज. माझ्या सासूबाईंनी तो माझ्याकडून पाळून घेतला आणि मी तो आणखी कडक केला. पाणी गडी आणायचे, जत्रेला जायचं तर गाडीला पडदा. गाव आमच्या घराचं नाव घ्यायचं आणि मला ते फार गोड लागायचं.

पहिल्या खेपेला, माझी नात नंदा पोटात असताना, शालनच्या मांड्या दुखायला लागल्या. पाटावरून उठताना भिंत धरायची. बाळंतपणाला तासगावला गेली आणि पाच महिन्यांनी परत आली ती तुरुतुरु चालत. तिची आई तिला रोज अंगणात उन्हाला बसवायची, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी एवढंच मनाशी धरलं, की हिला माहेरी दुखत नाही, सासरीच दुखतं. म्हणजे दुखणं कामाच्या कंटाळ्याचं आहे.

दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच. चालताना बदकासारखी डुलायची. ‘आत्याबाई, लय ठणकतंय वं, हाडातनं ठणकतंय,’ म्हणायची. मी तोडून टाकायची, ‘आमी काय पोरं जन्माला घातली न्हाईत व्हय?’ भाऊ न्यायला आला, तर त्याला चहा पाजून तसाच परत लावला. माहेर बंद केलं की नाटकही बंद होईल, अशी माझी अक्कल. तिचं खरं औषध माहेरच्या अंगणात होतं आणि ते मी बंद केलं.

दीड महिन्यानं तिचा भाऊ जीप घेऊन आला. शालन तेव्हा दोन पावलंही नीट टाकू शकत नव्हती. ‘आता तुमास्नी इचारत न्हाई मी,’ एवढंच तो मला म्हणाला आणि बहिणीला उचलून घेऊन गेला. मी धावत जाऊन जीपमध्ये बसले. सून एकटी गेली तर लोक काय म्हणतील, हे त्याही वेळी माझ्या डोक्यात होतं. लिहिताना लाज वाटते, पण खरं ते लिहिते.

दवाखान्यात गोळ्या आणि इंजेक्शनं सुरू झाली. सकाळी तिची खाट व्हरांड्यात आणायचे. पायांवर ऊन घेऊन शालन डोळे मिटून पडायची. अकराव्या दिवशी कळा सुरू झाल्या. सिझेरियन केलं, म्हणजे पोट उघडून मूल काढलं. मुलगा झाला. चांगला रडला. मला वाटलं, सुटलो.

जन्मल्यापासून सहाव्या दिवशी त्याचा एक हात उडायला लागला, मग सगळं अंग. कन्व्हल्शन, म्हणजे आकडी. ‘आईच्याच अंगात कॅल्शियम नव्हतं, बाळाला कुठून मिळणार?’ बाई म्हणाल्या. शिरेतून थेंब थेंब औषध सोडलं. आकडी थांबली आणि पुन्हा आली. आठव्या दिवशी दुपारी बाळ गेलं. डॉक्टरांनी आपल्याकडून काही कमी केलं नव्हतं.

टाके काढले त्या दिवशी मी शालनचे पाय धरले. तिनं ते ओढून घेतले. मग म्हणाली, ‘आत्याबाई, आता दुखतंय म्हनलं तर खरं मानशिला न्हवं?’

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

ज्यांच्या घरी पोटुशी लेक-सून आहे, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. ती मांड्या दुखतात म्हणाली, तिला बसलेलं उठवेना, तर आधी डॉक्टरला दाखवा. तिच्या अंगावर ऊन पडू द्या. त्या डॉक्टरीणबाईंनी माझी सून वाचवली, त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

तीन वर्षं झाली. शालन आता नीट चालते, डोक्यावर पाटी घेऊन भर उन्हात रानात जाते. गावाला काय बोलायचं ते बोलू दे. पण दवाखान्यातल्या त्या दिवसापासून आजवर तिनं मला काही दुखतं म्हणून सांगितलेलं नाही. तिला ताप आलेलासुद्धा मला नंदाकडून कळतो. मी रोज विचारते, ‘बरं हाय न्हवं, पोरी?’

‘हाय की,’ ती म्हणते आणि कामाला लागते.