गव्हाशिवायचे पॅनकेक

माझी मुलगी सहा वर्षांची असताना दिल्लीच्या डॉक्टरांनी तिचा गहू बंद केला, तो कायमचा. पोळी, ब्रेड, बिस्कीट, शिरा, केक, यातलं काहीही चालणार नव्हतं. दोन वर्षं ती सारखी आजारी पडत होती, हातापायांच्या काड्या झाल्या होत्या आणि पोट तेवढं फुगलेलं. कारण कळल्यावर मला रडू आलं नाही, उलट हायसं वाटलं. मी मालवणची. तांदळावर तर आम्ही वाढलो. गव्हावाचून एका मुलीला वाढवणं मला जमणार नाही, असं मला क्षणभरही वाटलं नाही.

तेव्हा यजमानांची बदली जयपूरच्या छावणीत होती, ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे. घरात भात, घावन, भाकरी असल्यामुळे मुलगी महिनाभरातच सुधारू लागली. अडचण व्हायची ती बाहेर. युनिटमधल्या बायकांनी रविवारच्या ब्रंचची टूम काढली होती. सकाळची टीव्हीवरची मालिका संपली की सगळे कुणा एकाच्या घरी जमायचे आणि नाश्ता-जेवण एकदमच व्हायचं. युनिटचे प्रमुख, म्हणजे सीओसाहेब, यांच्या पत्नीला आम्ही सगळ्या मॅडम म्हणायचो. त्यांच्या घरी एका रविवारी पॅनकेक केले होते, जाडजूड, मऊ, वर लोणी आणि मध. मुलं तुटून पडली. माझी मुलगी पपईची फोड हातात घेऊन बसली होती. मला म्हणाली, "आई, मी नुसता वास घेऊ?"

घरी येताना मी यजमानांना सांगितलं, "पुढच्या महिन्यात आपली पाळी आहे. मी पॅनकेकच करणार. सगळ्यांना तेच आणि हिलाही तेच."

"मैद्याशिवाय?"

"मैद्याशिवाय."

पहिली अडचण पिठाची होती. बाजारातल्या गिरणीवर दिवसभर गहूच दळला जायचा. तिथून आणलेल्या तांदळाच्या पिठाचं घावन खाऊनही मुलीचं पोट दुखायचं, हे तोवर माझ्या लक्षात आलं होतं. मग एका शनिवारी आम्ही स्कूटरवरून चारदीवारीत, तटाच्या आतल्या जुन्या शहरात गेलो आणि गल्ल्यांतून विचारत विचारत एका पाथरवटाकडून नवं जातं घेतलं. येताना ते स्कूटरवर यजमानांच्या पायांत होतं आणि दर खड्ड्याला ते देवाचं नाव घेत होते.

दुसरी अडचण खुद्द पॅनकेकची. तांदळाचं पीठ, दूध, अंडं असं सरळ कालवून घातलं, तर उलटताना त्याचे तुकडे पडले. मग आंबोळीसारखं तांदूळ आणि उडीद भिजवून, वाटून, आंबवून पाहिलं. थंडीचे दिवस म्हणून पातेलं रजईत गुंडाळून ठेवलं होतं. जाळी सुंदर पडली. मुलीने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "छान आहे. पण ही आंबोळीच आहे."

बरोबर होतं तिचं. मग मी तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, जात्यावर अगदी बारीक दळले. त्यात थोडं शिंगाड्याचं पीठ, तेही घरीच दळलेलं, आणि चिकटपणासाठी कुस्करलेलं पिकलं केळं. अंड्याचा पांढरा भाग वेगळा फेसून शेवटी हलक्या हाताने मिसळला. दही आणि चिमूटभर सोडा. तव्यावर लहान लहान घालायचे, झाकण ठेवायचं आणि कडा सुकेपर्यंत हात लावायचा नाही. ते फुगले. मुलगी ताटलीत बघत राहिली, मग तिने एका दमात तीन खाल्ले. त्यानंतर मला कसलीच धाकधूक उरली नाही.

आमच्या रविवारी हिरवळीवर सतरंज्या आणि खुर्च्या मांडल्या, उन्हं छान पडली होती. पाहुणे येऊ लागले तशी मी पीठ कालवून ओट्यावर ठेवलं आणि बाहेर सरबत द्यायला गेले. परत येऊन पाहते तर शेजारीण पातेल्यात डाव फिरवत होती. ती अमृतसरची, मनाने मोकळी, बोलावण्याची वाट न पाहता मदतीला येणारी.

"भाभी, घोल बहुत पतला था," ती हसत म्हणाली. "घर से दो मुट्ठी मैदा लाकर डाल दिया. अब नहीं टूटेंगे."

मुलगी दारातच उभी होती. तिने पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आई, आता?"

"आता परत करायचं," मी म्हटलं.

शेजारणीला काय झालं ते कळलं आणि ती मटकन स्टुलावर बसली. डोळे भरून आले होते. "मुझे तो पता था... मैं भूल कैसे गई?" तिच्यावर रागावणं मला जमलं नाही. ती माझीच लाज राखायला धावली होती. मी म्हटलं, "रडायचं नंतर. आधी हात धू, साबणाने. पीठ संपलंय, पण वाळवलेले तांदूळ डब्यात आहेत. दळायचं तू."

मग मी बाहेर जाऊन पाहुण्यांना सरळ सांगितलं, "पॅनकेकला तासभर उशीर होईल. पीठ दळायचं आहे." कारणही सांगितलं. मॅडमनी विचारलं, "चक्की कहाँ है?"

जातं आम्ही व्हरांड्यात आणलं. शेजारीण बसली, दहा मिनिटांत घामाघूम झाली. मग मॅडमनी रेशमी साडीचा पदर खोचला आणि त्या समोर बसल्या. दोघी मिळून खुंटा फिरवायला लागल्यावर पीठ भराभर पडू लागलं. यजमानांनी आणि दोन कॅप्टनांनी आपापली पाळी घेतली, पण ते जोरात फिरवायचे आणि पीठ रवाळ पडायचं, म्हणून बायकांनी त्यांना उठवलं. सगळी हिरवळ हसत होती. मी आत भांडी, डाव, तवा, ओटा घासूनपुसून नव्याने सुरुवात केली.

पहिला पॅनकेक मुलीच्या ताटलीत पडला. लोणी, वर गुळाचा पाक. मग माझा तवा दुपारपर्यंत उतरला नाही. एक मेजर तर पाचव्यांदा ताटली घेऊन आले. त्या रात्री मुलगी शांत झोपली आणि दुसऱ्या दिवशी दप्तर पाठीला लावून शाळेत गेली.

पुढचा ब्रंच मॅडमकडे होता. आम्ही पोचताच त्यांनी माझ्या मुलीला स्वयंपाकघरात नेलं. नवा कोरा तवा काढला होता, तांदळाचं पीठ घरीच दळलेलं. "देखो बेटा, सब ठीक है?" त्यांनी विचारलं.

मुलीने हात मागे बांधून, परेडची पाहणी करावी तसा सगळा ओटा पाहिला. "चम्मच अलग है, आंटी?"

मॅडम थबकल्या. चमचा तेवढा राहिला होता. त्यांनी कपाटातून नवा काढला, धुतला, पुसला आणि तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला, मान हलवली आणि बाहेर जाऊन बाकीच्या मुलांच्या रांगेत जेवायला बसली.