आमच्या कोंबड्याची तालीम

आमच्या कोंबड्याला माणसाच्या अंगावर जायला मी शिकवलं. कबूल करतो. त्या वेळी मात्र हा गुन्हा मी माझ्या पाच वर्षांच्या मुलीच्या माथी मारला होता, आणि तोही अगदी गंभीर चेहऱ्यानं!

मी तेव्हा मुंबईला गिरणीत होतो आणि शिमग्याला पालीजवळच्या आमच्या गावी आलो होतो. अंगणात एक तांबडा कोंबडा छाती काढून फिरत होता. रुबाब असा, की मी त्याचं नाव फौजदार ठेवलं. रोज सकाळी राखुंडीनं दात घासता घासता मी त्याच्यापुढे पाय नाचवायचो. तो मान फुलवून लाथ झाडायचा. मी "मेलो, मेलो!" ओरडत मागे सरायचो. (मला वाटे, मी त्याला खेळवतो आहे. त्याला वाटे, तो जिंकतो आहे. त्याचंच बरोबर होतं.) थोड्याच दिवसांत त्याची खात्री पटली, की पाय दिसला की लढाई!

मग एक दिवस माझी मुलगी ताना कोंबड्यांना कण्या टाकायला गेली आणि फौजदार उडाला तो थेट तिच्या तोंडावर! गालावर ओरखडा, डोळ्याच्या अगदी खाली. बायको धावली, मी धावलो, आणि माझ्या तोंडून पहिले शब्द काय निघावेत?

"तूच खोडी काढली असशील!"

"नाय वो बाबा! मी नुसत्या कण्या टाकल्या!"

"खोटं बोलतेस? आता अंगणात पाऊल टाकायचं नाही. पालखीसुद्धा खिडकीतूनच बघायची!"

दुसऱ्याच दिवशी ग्रामदेवतेची पालखी आमच्या अंगणात नाचणार होती. ताना वर्षभर तिची वाट बघत होती. ती रडलीसुद्धा नाही, खिडकीपाशी जाऊन बसली. मला जेवण गोड लागेना, पण "चुकलो" म्हणायला जीभ काही वळेना.

कोंबडा कापावा, तर तो राखणीचा! शिमगा झाल्यावर गावची राखण करणाऱ्या देवाला द्यायचा म्हणून बोललेला. तोवर त्याच्या पिसालाही धक्का लागता कामा नये.

"कापायचं कशाला?" बायको म्हणाली. "डाल्याखाली घाला नि पोरीला भायेर सोडा."

"मी बघतो," मी म्हणालो. मुंबईचा माणूस ना!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या अंगणात पालखीचे ढोल वाजू लागले, तेव्हा मी कोंबड्या झाकायचं ते बांबूचं भलंमोठं डालं उचलून फौजदारामागे निघालो. पहिल्या झडपेत म्हातारी कोंबडी सापडली. दुसऱ्या झडपेत माझीच वहाण! तिसऱ्यांदा धोतराचा सोगा पायात आला, डालं एकीकडे, मी आडवा! तेवढ्यात पालखी अंगणात शिरली, ढोल गरजले, आणि न राहवून ताना दाराबाहेर धावली. फौजदारानं मान फुलवली. तिच्या दिशेनं!

काय करणार? मी उठून मध्ये झेपावलो, फौजदारापुढे पाय नाचवला आणि ओरडलो, "मेलो, मेलो!"

तो जागच्या जागी वळला. माझा पाय पुढे, त्याची लाथ. मी मागे, तो पुढे. एकही चूक नाही! ढोल थांबले. सगळा गाव बघत होता. तानाला कडेवर उचलून बायको बघत होती.

"अवो," ती म्हणाली, "ह्यो खेळ त्येला शिकवला कुणी?"

तोवर फौजदार नडगीवर आला होता! मी हाताला लागलेलं डालं अंगावर ओढलं आणि आत बसलो. (तेव्हा मी बारीक होतो.) फौजदार डाल्यावर चढला आणि आरवला!

बायकोनं त्याच्यावर फडकं टाकलं आणि पंख दाबून त्याला काखेत घेतलं. ताना डाल्यापाशी उकिडवी बसून फटीतून आत बघू लागली.

"बाबा, खोडी कुणी काढली?"

"मी."

"मोठ्यान बोला."

"मी! रोज मीच काढत होतो. तू खरं बोललीस, ताना. मी तुझ्यावर उगाच आळ घेतला. चुकलो, बाय."

तिनं जरा विचार केला. "बरं," ती म्हणाली. "पण आता अंगणात पाऊल टाकायचं नाय. तितनंच बघा."

मी डाल्यातच बसलो. त्या वर्षी पालखी फार सुंदर नाचली म्हणतात. मला डाल्याच्या फटीतून नुसते पाय दिसले!