तोंडभर खिळे

सोफेवाल्या काकांशी भांडायचं असेल तर ते सकाळी, काम सुरू व्हायच्या आत उरकून घ्यावं लागे. एकदा का काकांनी मूठभर बारीक खिळे तोंडात टाकले, की विषय संपला. मग गिऱ्हाईक येवो नाहीतर घरमालक, काका फक्त भुवया हलवणार. जिभेने एकेक खिळा ओठांत आणायचा, हातोडीच्या चुंबकी टोकाने तो उचलायचा आणि ताणलेल्या कापडावर ठोकायचा, ही त्यांची पद्धत. लोक अडचणीच्या वेळी मूग गिळून बसतात, काका खिळे धरून बसत. बोलणं टाळायचं असलं की हातात काम नसतानाही दोन-चार खिळे तोंडात जायचे.

ताई या दुकानात आली ती लग्नाआधी, फोमचे तुकडे झाडून गोळा करायला. पुढे ती कापायला शिकली, शिवायला शिकली आणि मग काकांच्या समोर उभी राहून कापड ताणायला लागली. सोफ्याचं काम मुळात दोघांचं. एकाने ताणायचं, दुसऱ्याने ठोकायचं. किती ताणायचं ते काका भुवयांनी सांगत. एक भुवई वर म्हणजे अजून ओढ, दोन्ही खाली म्हणजे पुरे, फाडशील. ही भाषा ताईच्या इतकी अंगवळणी पडली, की घरी नवऱ्याने सहज भुवई उचलली तरी ती हातातली चादर ओढायला लागे.

मग स्टेपल गनवरून बिनसलं. खिळ्यांऐवजी खटाखट पिना ठोकणारी ही बंदूक ताईने स्वतःच्या पैशाने हौसेने आणली होती. काकांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "माश्या मारायला बरी आहे." ताईच्या नाकावर राग कायमचाच मुक्कामाला. शब्दाने शब्द वाढत गेला, आणि वेळ नेमकी सकाळची, काकांचं तोंड रिकामं. ते बोलून गेले, "जायचं तर जा. तुझ्यावाचून माझं काही अडत नाही!"

ताईने हातातली कात्री टेबलावर ठेवली. "बरं. अडेल तेव्हा सांगा. तोवर या दुकानाची पायरी चढणार नाही."

ती गेली ती थेट फर्निचरच्या कारखान्यात. तिथे पांढराफेक उजेड, लांबच लांब टेबलं आणि ज्याच्या-त्याच्या हातात स्टेपल गन. ताईच्या वाट्याला सोफ्याचे डावे हात आले. फक्त डावे. पगार चांगला होता, सुट्टी वेळेवर होती, पण तीन वर्षांत ताईला उजवा हात काही भेटला नाही. अख्खा सोफा कसा दिसतो ते रस्त्यावरच्या दुकानांच्या काचेतून बघावं लागे. कारखाना दुसऱ्या गावी हलवायचं ठरलं तेव्हा तिला वाईट वाटायला हवं होतं. ती मात्र घरी आली ती गाणं गुणगुणत.

"काकांकडे जा की परत," नवरा म्हणाला. तो बस चालवायचा आणि सगळ्याच गोष्टींना सरळ रस्ता असतो असं त्याचं मत होतं.

"त्यांचं अडत नाही ना! अडतं म्हणू देत, त्या क्षणी जाते."

"ते कसले म्हणतात!"

"मग मी कसली जाते!"

"आणि रोज संध्याकाळी आपल्या खुर्च्यांचे डावे हात चाचपत बसतेस ते?" नवरा हसला. "असं कर, मागच्या दाराने जा. तिथे पायरी नाही."

दुसऱ्या दिवशी सासूबाई सकाळी आपल्या खुर्चीत बसायला गेल्या तर बैठक या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलेली. "अगं, काल धड होती की ही!"

"जुनी झाली होती, आई. काकांकडे टाकून येते."

सासूबाईंनी वाकून फाटलेल्या कापडावरून बोट फिरवलं. "उंदीर शिकलेला दिसतोय. पट्टी लावून कुरतडलंय." मग त्यांनी स्वतःच स्टूल ओढून घेतलं. "जा. पण संध्याकाळपर्यंत आण बाई, माझी कंबर तुमच्या भांडणात नाही."

खुर्ची उलटी डोक्यावर घेऊन ताई मागच्या दाराने आत शिरली. दुकान होतं तसंच होतं. भिंतीशी सोफ्यांचे सांगाडे, वर टांगलेले पट्टे, जमिनीवर फोमचा चुरा. काका एकटेच एका हिरव्या मखमली सोफ्याशी झटत होते. तिला पाहताच ते गर्रकन पाठमोरे झाले. हात तोंडाकडे गेला. परत वळले तेव्हा दोन्ही गाल फुगलेले आणि ओठ घट्ट मिटलेले.

"सासूबाईंची खुर्ची आहे," ताई म्हणाली. "गिऱ्हाईक म्हणून आलेय."

काकांनी भुवईने कोपरा दाखवला. तिने खुर्ची तिथे ठेवली. आता खरं म्हणजे निघायला हवं होतं. पण काका एका हाताने कापड ओढत होते, गुडघ्याने दाबत होते आणि दुसऱ्या हाताने हातोडी मारत होते. कापडाला भलीमोठी सुरकुती पडली. ताईला ते बघवेना.

"अहो, असं कुणी ताणतं का!"

काकांची एक भुवई वर गेली. ताईने पिशवी टाकली आणि कापड धरलं.

बघता बघता पहिली बैठक झाली. ताई एकटीच बोलत होती. कारखान्यातल्या गमती सांगून झाल्या, सासूबाईंचा उंदीर सांगून झाला. काका गाल फुगवून हसले, पण ओठ उघडले नाहीत. हातोडी सारखी बाजूच्या डब्याकडे जात होती. काकांना पूर्वीइतके खिळे तोंडात मावत नसावेत, वय झालं, असं ताईला वाटून गेलं. मधेच तिने सहज विचारावं तसं विचारलं, "चाललंय ना सगळं, माझ्यावाचून?" दोन्ही भुवया जागच्या जागी राहिल्या. ताईला त्यांचा असा राग आला, की दुसऱ्या बैठकीचं कापड तिने एकटीनेच कापलं आणि एकटीनेच अंथरलं.

दुपारी दोघांनी सोफा ढकलत दारातल्या उजेडात आणला. एक बैठक गडद हिरवी आणि शेजारची फिकट, पावडर लावल्यासारखी! कापड एकाच गठ्ठ्यातलं. पण मखमलीला लव असते. उभी लावली तर एक रंग, आडवी लावली तर दुसराच. काकांकडे लव नेहमी बसणाऱ्याच्या गुडघ्यांकडे यायची. कारखान्यात कापड वाचावं म्हणून ती आडवी घालत, आणि ताईच्या हातांनी आज कारखान्याचंच काम केलं होतं.

ताईचं तोंड उतरलं. काकांच्या तोंडून 'अडतं' ऐकायला ती आली होती, आणि नेमकं तिनेच काम अडवून ठेवलं होतं. आता काका बिनधास्त म्हणू शकत होते, की तू नसलीस तर अडत नाही, आलीस की अडतं.

"सगळं उसवावं लागणार," ती म्हणाली. "बोला काय बोलायचं ते. तुम्हाला आधी दिसलं नाही का हो?"

काकांनी मान डोलावली. दिसलं होतं.

"दिसलं? मग थांबवलं का नाहीत?"

काकांनी स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं. ताईचं डोकंच फिरलं. लहान मुलाने तोंडात काही घातलं की आई पुढे करते, तसा तिने तळहात पुढे केला. "काढा ते खिळे. आत्ताच्या आत्ता."

काकांनी हातोडी खाली ठेवली. मग त्यांनी तोंड उघडलं. आत एकही खिळा नव्हता.

ताईने वाकून आत पाहिलं. "सकाळपासून रिकामं?"

"तू दारात दिसलीस तेव्हापासून." आवाज अगदी बसलेला होता. "खिळे टाकायला गेलो तर घाईत सगळे खाली सांडले. मग गाल फुगवले."

"पण कशासाठी?"

"गेल्या खेपेला तोंड उघडलं म्हणून तू गेलीस. आज परत काही वेडंवाकडं निघालं असतं तर?" त्यांनी फिकट बैठकीवरून हात फिरवला. "आणि ही आडवी घातलीस ते पाहिलं मी. म्हटलं, घालू दे. उसवायला उद्या यावंच लागेल."

ताईला हसू फुटलं. ती सोफ्याच्या हातावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पण तिने हट्ट सोडला नाही. "काका, तो एक शब्द राहिला."

काकांचा हात खिळ्यांच्या डब्याकडे गेला. ताईने डबा बाजूला ओढला. काकांनी छताकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

"अडतं," ते म्हणाले.

"काय?"

"अडतं गं, पोरी. रोज अडतं. हाताने ओढतो, गुडघ्याने दाबतो, तरी सुरकुती राहतेच. आणि बोलायला कुणी नाही, तर तोंडात खिळे धरून तरी काय करू? तुझी ती माश्या मारायची बंदूक खणात आहे. तेल घालून ठेवतो अधूनमधून."

या शब्दाला काय उत्तर द्यायचं ते ताईने तीन वर्षं घोळवून ठेवलं होतं. चांगलं झणझणीत उत्तर होतं ते. पण आता ते काही कामाचं नव्हतं. तिने डब्यातून मूठभर खिळे उचलले आणि स्वतःच्या तोंडात टाकले. कोपऱ्यातली सासूबाईंची खुर्ची ओढून घेतली, तिच्यावर नवं कापड अंथरलं आणि हातोडी उचलली. काका समोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी कापडाचं दुसरं टोक धरलं.

ताईने एक भुवई वर केली. काकांनी कापड ताणलं.