मला वजा करून उरलेली किंमत

"मॅडम, या धंद्यातून तुम्हाला वजा केलं, तर मागे काय उरतं?"

विचारणारा माणूस वाईट नव्हता. इंटरनेटवर चालणारे छोटे धंदे विकून देणारा दलाल होता तो. पुण्यात बसायचा, आणि त्याच्या पेशात हा प्रश्न रोजचाच होता. मी कळंब्यात आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बसले होते. धंद्याच्या अकरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. विचार करून सांगते म्हणाले, कॉल बंद केला आणि रागाच्या भरात घासलेली भांडी पुन्हा घासली.

माझा धंदा म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांसाठी लिहिलेलं एक सॉफ्टवेअर. त्याची सुरुवात नवऱ्याच्या मावसभावामुळे झाली. भाऊजी मलकापूरला जनावरांचे डॉक्टर आहेत. कुणाची म्हैस कधी भरवली, कुणाच्या गाईला लस कधी द्यायची, हे सगळं ते खिशातल्या डायरीत लिहायचे. एकदा एका गोठ्यात ते गाईला इंजेक्शन देत असताना शेजारच्या म्हशीनं ती डायरी खाऊन टाकली. पुढचे कित्येक महिने लोक त्यांना वाटेत अडवून विचारायचे, आमची कधी व्यायची.

मी तेव्हा तंत्रनिकेतनात कंत्राटावर कॉम्प्युटर शिकवत होते. सुट्टीत त्यांच्यासाठी एक लहानसं काम करून दिलं. डॉक्टरनं मोबाईलवर नोंद टाकायची, आणि वेळ आली की जनावराच्या मालकाला मराठीत मेसेज जायचा. भरवल्यापासून एकविसाव्या दिवशी, माज बघा, आला तर गाभण राहिली नाही. गाईचे नऊ महिने नऊ दिवस किंवा म्हशीचे दहा महिने दहा दिवस भरत आले की, गोठा कोरडा ठेवा, डॉक्टरांचा नंबर हाताशी ठेवा. भाऊजींनी ते पन्हाळ्याच्या डॉक्टर मित्राला दाखवलं, त्यानं आणखी दोघांना. चौथ्या डॉक्टरपासून मी महिन्याला पैसे घ्यायला लागले आणि तिसऱ्या वर्षी नोकरी सोडली. विकायला काढलं तेव्हा चारशेच्या वर डॉक्टर ते वापरत होते.

विकायचं कारण साधं होतं. मला कंटाळा आला होता. दलाल म्हणाला, असं लिहू नका, घेणाऱ्याला शंका येते. बाईमाणूस विकतेय म्हटल्यावर 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' लिहिलं की पुढचं कुणी विचारत नाही. मी त्याला सांगितलं की माझ्या कौटुंबिक जबाबदाऱ्या उत्तम चालल्यात. मुलगी बाहेरगावी शिकते आणि नवरा स्वतःचा डबा स्वतः भरतो. पुरुषानं कंटाळून धंदा विकला तर त्याला पुढचा विचार करणारा माणूस म्हणतात. मी विक्रीच्या अर्जात कंटाळा हेच कारण दिलं. त्यानं ते इंग्रजीत गोड करून पुढं पाठवलं असेल, तो त्याचा प्रश्न.

किंमत कशी काढतात ते त्यानंच समजावलं. वर्षाचा निव्वळ नफा घ्यायचा आणि त्याला एका आकड्यानं गुणायचं. तो आकडा ठरतो गिऱ्हाईक किती टिकतं यावर, धंदा वाढतोय का यावर, आणि मालक नसला तरी चालतो का यावर. पहिल्या दोन विषयांत मी पास झाले. तिसऱ्यात सपशेल नापास, कारण चारशे डॉक्टरांकडं माझा खासगी नंबर होता आणि ते तो हक्कानं वापरायचे. गोठ्यात उभं राहून फोन करायचे. मागं हंबरणं ऐकू यायचं. शिवाय नफ्यातून माझा पगार वगळायला लागणार होता, कारण उद्या माझ्या जागी कुणाला तरी नेमावं लागेल. अकरा वर्षं मी पगार कधी घेतलाच नव्हता. माझ्या कामाला बाजारात पगार असतो, हे मला धंदा विकताना कळलं, आणि तेही वजाबाकीत.

"अडीच पट," तो म्हणाला. "तुमच्यावर अवलंबून नसता, तर साडेतीन मिळाले असते."

नवऱ्याचं लक्ष्मीपुरीत हार्डवेअरचं दुकान आहे. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मधली एक पट म्हणजे तू. मग तू बाजूला हो की. बघू काय पडतंय."

म्हणून मी बाजूला व्हायची तयारी केली. कोडोलीच्या एका बाईला कामावर घेतलं. तिनं गावच्या दूध संस्थेत बरीच वर्षं काढली होती, आवाज खणखणीत, आणि कुठल्याही डॉक्टरला न घाबरता मधेच तोडायची. माझ्या डोक्यात होतं नव्हतं ते सगळं तीन महिने बसून मी लिहून काढलं. कुठली अडचण कशानं येते, कुठला डॉक्टर चिडला म्हणजे खरं काय बिघडलेलं असतं, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर चुकला तर काय करायचं. ती वाचायची आणि म्हणायची, हे कळलं नाही, परत लिहा. मी परत लिहायचे.

तेवढ्यात बेंगळुरूची एक कंपनी घ्यायला तयार झाली. त्यांची अट होती, मी महिनाभर कशाला हात लावायचा नाही. कुणी सोडून गेलं नाही तर वरचा, साडेतीन पटीचा भाव. मी फोन नवऱ्याच्या दुकानात ठेवून दिला.

दुसऱ्या आठवड्यात सकाळी फाटकाशी मोटरसायकल थांबली. मलकापूरहून भाऊजी आले होते. मला दारात बघून ते जागेवरच थांबले.

"वैनी, तुमी बऱ्या हायसा न्हवं?"

"बरी आहे की. का?"

"फोन लागंना. ती बाई म्हणत्या, म्याडम महिनाभर न्हाईत. न्हाईत म्हंजे काय ओ? पन्हाळ्याचा डॉक्टर म्हणाला, निदान बघून तरी या."

चहा करता करता मी त्यांना सगळं सांगितलं. धंदा विकतेय याचं त्यांना फार वाटलं नाही. त्यांची एक नोंद अडकली होती, तिचं काय ते बोला म्हणाले. मी म्हटलं, तिला विचारा, मला हात लावायचा नाही. त्यांनी पायरीवर बसून कोडोलीला फोन लावला. मी आत चहाचं आधण बघत ऐकत होते. तिनं त्यांना दोन प्रश्न विचारले, एकदा दटावलं, आणि चार मिनिटांत नोंद मोकळी झाली. मला सहा तरी लागली असती.

महिना संपला. एकही डॉक्टर गेला नव्हता, उलट तीन नवे आले होते. त्या संध्याकाळी मी तळ्याच्या कडेनं बराच वेळ चालले. लागलं मला, खोटं कशाला सांगू. पण घराकडं वळेपर्यंत सरळ झाले. हे मीच उभं केलं होतं, आणि ते इतकं नीट उभं होतं की त्याला माझा टेकू लागत नव्हता. दलालाच्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडं होतं. मला वजा केलं तर सगळंच्या सगळं उरत होतं. मला वाईट वाटावं असं त्यात काही नव्हतं.

कंपनी साडेतीन सोडून चार पटीवर आली. मला आनंद झाला, आणि दलालाला माझ्याहून जास्त. मग करार आला, तीस पानी, इंग्रजीत. मी तो शिकवायच्या दिवसांत पेपर तपासायचे तसा पेन्सिल घेऊन वाचला. एकोणिसाव्या पानावर एक कलम होतं. सगळ्या नोंदी, जनावरांच्या मालकांच्या फोन नंबरांसकट, कंपनीला कुठल्याही व्यावसायिक कामासाठी वापरता येतील.

मी कॉल मागितला. कंपनीचा माणूस अतिशय सभ्य होता, हिंदीत बोलत होता. त्यानं काही लपवलं नाही. कुणाकडं किती जनावरं, कुठली गाभण, कधी व्यायची, हे माहीत असलं की नेमक्या आठवड्यात पेंडीची जाहिरात पाठवता येते, विमा विकता येतो, कर्ज देता येतं. त्यात शेतकऱ्याचाच फायदा आहे, असं त्याचं म्हणणं. मी त्याला सांगितलं की नोंद टाकायच्या आधी पहिल्या पानावर मी लिहिलेलं आहे, हे नंबर डॉक्टरचे आणि मालकाचे, ते आम्ही कुणाला देणार नाही.

तो समजुतीनं म्हणाला, तो काही कायदेशीर करार नाही मॅडम, स्क्रीनवरची नुसती एक ओळ आहे.

"ओळच आहे," मी म्हणाले. "पण ती मी लिहिलीय."

दलालाचा लगेच फोन आला. कलम काढलं तर ते निम्म्याहून खाली येतील, कारण त्यांना हवेत ते नंबरच. म्हणजे चार पट किंमत माझ्या अकरा वर्षांची नव्हतीच. म्हशीला दिवस गेलेत हे ज्या माणसानं विश्वासानं डॉक्टरला सांगितलं, त्याच्या खिशापर्यंत जायच्या वाटेची ती किंमत होती. दलाल म्हणाला, भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका. मी म्हटलं, मी भावनेच्या भरात नाही, मी विकायला बसलेय, आणि काय विकायचं ते मला चांगलं माहीत आहे. हे विकायला नाही.

नवऱ्याला सांगताना मला वाटलं, व्यापारी माणूस आहे, चिडणार. तो कुलपांची पेटी मोजत होता. मोजून झाल्यावर म्हणाला, "गिऱ्हाईक कुणाच्या मालकीचं नसतं. दुकान कुठं हललंय एवढंच त्याला सांगायचं असतं."

त्यानंतर मी तीन आठवडे पुन्हा कामाला बसले आणि सॉफ्टवेअरच बदललं. आता नंबर डॉक्टरच्या फोनमध्येच राहणार आणि मेसेजही त्याच्याच फोनवरून जाणार. आमच्याकडं फक्त एक कुलूपबंद नक्कल, आणि तिची किल्ली, म्हणजे परवलीचा शब्द, डॉक्टरपाशी. भाऊजींनी विचारलं, फोनबी म्हशीनं खाल्ला तर? म्हटलं, नवा घ्या, किल्ली तुम्हाला पाठ आहे. मग आमच्याकडचे सगळे उघडे नंबर मी पुसून टाकले. घेणारा कुणीही असो, त्याला ते सापडणार नव्हते, आणि मला कधी मोह झाला तर मलाही. कंपनीनं दोन ओळींचं पत्र पाठवून माघार घेतली. दलालानं माझा भाव स्वतःच अडीचच्या खाली आणला आणि फोन करायचा थांबला. चार महिने कुणी फिरकलं नाही. कोडोलीची बाई रोज विचारायची, मी दुसरीकडं बघू का? मी म्हणायचे, बघ, पण आधी मला सांग.

मग निपाणीहून एकजण आला, धान्याच्या अडत्यांसाठी सॉफ्टवेअर करणारा. माझं माहेर त्याच बाजूचं, घरात निम्मं बोलणं कन्नडमध्ये. तो आल्या आल्या अक्का म्हणाला. त्यानं नफा विचारला, पण तो नंतर. आधी कोडोलीला जाऊन दिवसभर त्या बाईशेजारी बसला आणि येणारा प्रत्येक फोन ऐकला. परत येऊन म्हणाला, ही बाई राहणार असेल तर घेतो.

मी तिला बोलावलं. तिनं माझ्यासमोर त्याला पगाराचा आकडा सांगितला, मी देत होते त्याच्या दीडपट. माझ्याकडं वळून म्हणाली, "तुमच्याकडं मागायला लाज वाटत होती." त्यानं आकडा मान्य केला. पावणेतीन पटीत आमचा सौदा ठरला. माझी ती ओळ कराराचं पहिलं कलम म्हणून घातली. त्याचा वकील म्हणाला, नंबर जर तुमच्याकडं नाहीतच, तर या कलमाची गरज काय? मी म्हटलं, राहू दे, पहिल्या पानावर बरी दिसते.

पुढं एका लग्नात नवऱ्याच्या चुलतभावानं जेवणाच्या पंगतीत मला हिशोब ऐकवला. चार पटीतून पावणेतीन गेले, राहिली सव्वा, तेवढ्यात एक फ्लॅट आला असता, गेला तुमचा. आजूबाजूचे जेवायचे थांबून बघायला लागले. मी भात कालवत म्हणाले, गेला नाही, तो माझा नव्हताच. अजूनही लोक विचारतात, वाईट वाटतं का. नाही वाटत. त्यांना माझ्या चेहऱ्यावर ते शोधायचं असेल तर शोधू देत.

दोन महिन्यांनी निपाणीच्या मालकानं मला मोबाईलच्या स्क्रीनचं एक चित्र पाठवलं. त्यानं मेसेज कन्नडमध्ये सुरू केले होते. सीमेपलीकडच्या गावांतले डॉक्टर कधीपासून मागत होते, आणि मी, कन्नड बोलत वाढलेली बाई, ते अकरा वर्षं पुढं ढकलत आले होते. मी मेसेज वाचला आणि त्याला फोन लावला. गाईला त्यानं पुस्तकातला शब्द घातला होता, हसू. आपल्याकडं आकळ म्हणतात. तिकडच्या मराठी माणसाला कुणी हे वाचून दाखवलं, तर त्याला वाटेल डॉक्टर हसायला सांगतोय.

तो हसला. मग म्हणाला, "अक्का, आता मालक कोण?"

"तू."

"मग?"

"मग काय. शब्द चुकलाय."

संध्याकाळपर्यंत त्यानं तो बदलला.